शनिवारी घाणा बंद

१७६८ साली कोचीनच्या एझकिएल राहाबीने हॉलंडमधल्या तोबियास बोआस यांना एक लांब पत्र लिहिले. राहाबी हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा कोचीनमधला मातब्बर व्यापारी, हिब्रू जाणणारा, धर्मनिष्ठ यहुदी. मलबारच्या यहुद्यांची हकीकत सांगता सांगता त्याने उत्तरेकडे मराठ्यांच्या मुलुखात राहणाऱ्या आणखी एका समाजाचा उल्लेख केला. हे लोक घाणे चालवतात, काही जण सैन्यात शिपाई आहेत, धर्माचे ज्ञान त्यांना नाही. ‘शमा’ची प्रार्थना म्हणावी आणि शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या दिवशी काम करू नये, एवढे मात्र त्यांना माहीत आहे. त्याच्या तीस वर्षे आधी, १७३८ मध्ये, मद्रासेतल्या सार्टोरियस नावाच्या प्रोटेस्टंट मिशनऱ्याने पश्चिम किनाऱ्यावरच्या याच लोकांविषयी जवळपास हेच कळवले होते. त्यांच्याजवळ बायबल नाही, हिब्रू त्यांना येत नाही, ‘शमा’ तेवढा येतो.

दोघांच्याही लेखी हे अज्ञान होते. मला मात्र या दोन पत्रांत एका विलक्षण चिकाटीचा पुरावा दिसतो. ग्रंथ नाही, रब्बी नाहीत, प्रार्थनेचे मंदिर नाही, जगातल्या इतर यहुद्यांशी संबंध नाही; अशा अवस्थेत कित्येक पिढ्या गेल्या, आणि तरीही एक प्रार्थना व आठवड्यातला एक दिवस या लोकांच्या हातून सुटला नाही. त्या दोन गोष्टींच्या आधारावर पुढे त्यांनी सगळा धर्म पुन्हा उभा केला. ही गोष्ट कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या बेने इस्राएलांची आहे. ती घडली मराठीत, म्हणून ती आपलीही आहे.

समाजाची स्वतःची आठवण अशी. फार पूर्वी, शत्रूच्या छळामुळे देश सोडून निघालेले एक गलबत चौलच्या जवळ, नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. समुद्राने बाहेर टाकलेले मृतदेह त्यांनी नवगावलाच पुरले. ती जागा समाजाने आजवर जपली आहे. सामान गेले, ग्रंथ गेले. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समाजाचा इतिहास लिहिला, तेव्हा हे आगमन इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, अँटिओकस राजाच्या जुलमाच्या काळात झाले असावे, असा तर्क त्यांनी मांडला. त्या जुलमाविरुद्ध मिळवलेल्या विजयाचा हनुका हा सण जगभरचे यहुदी पाळतात. कोकणातल्या या लोकांना तो सण माहीतच नव्हता, याकडे पुष्कळांनी बोट दाखवले आहे. दंतकथेतले आकडे इतिहासाच्या कसोटीला लावू नयेत. पण समुद्रात सगळे बुडाले आणि जे आठवत होते तेवढे उरले, ही त्या कथेतली जाणीव खरी वाटते.

पुढे ही माणसे गावोगाव पसरली आणि गावांच्या नावांनीच ओळखली जाऊ लागली. किहीमचे केहिमकर, दिव्याचे दिवेकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर, तळ्याचे तळकर. सॅम्युएलचा सामाजी झाला, अब्राहामचा आबाजी, एलियाचा एलोजी. नेसण्याला लुगडे, बोलायला मराठी, कपाळी तेल्याची जात. बाहेरून पाहणाऱ्याला वेगळे काही दिसत नव्हते, एक गोष्ट सोडून. शुक्रवारचा सूर्य मावळला की त्यांचा घाणा थांबायचा आणि शनिवारी दिवसभर बैल गोठ्यात उभा असायचा. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, आणि हे शनिवार तेली. गावगाड्याने त्यांना या नावाने आपल्यात सामावून घेतले, आणि ते का थांबतात हे विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही.

घाण्यावर पोट असणाऱ्याने आठवड्यातला एक दिवस सोडणे म्हणजे काय, याचा हिशेब मांडून पाहावा. पाण्यापावसाचे कोकण, हातावरचे पोट, कूळ म्हणून कसायला घेतलेला जमिनीचा तुकडा, आणि तरीही सातातला एक दिवस कमाईला हात लावायचा नाही. मोशेला मिळालेल्या दहा आज्ञांत शब्बाथची आज्ञा आहे, आणि ती मालकासाठी आहे तशी चाकरासाठी आणि बैलासाठीही आहे. कोकणातल्या तेल्याला हे वाचून माहीत नव्हते. त्याचा बाप थांबायचा, म्हणून तो थांबायचा. मात्र त्याच्या बैलालाही सातव्या दिवशी विसावा मिळत होता. आज्ञेतला बारकावासुद्धा न वाचता पाळला जात होता.

‘शमा’ची गोष्टही तशीच. तोराच्या, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांतल्या, पाचव्या पुस्तकात, म्हणजे मराठी बायबलमध्ये ज्याला अनुवाद म्हणतात त्यात, ही इस्राएलाला उद्देशून केलेली हाक येते. देव एकच आहे, ही तिची ग्वाही. तिच्या लगेच पुढे एक सूचना आहे: हे शब्द मुलांना शिकवावेत, घरात बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना त्यांविषयी बोलावे. मंदिराची किंवा पुरोहिताची अट तिथे घातलेली नाही. धर्म पोचवण्याचे काम आईबापांवर सोपवलेले आहे. माझ्या मते बेने इस्राएलांच्या टिकून राहण्याचे सगळ्यात मोठे कारण हेच. जेरुसलेमचे मंदिर जाऊनही यहुदी धर्म टिकला, त्याचे श्रेय आपण एरवी पंडितांना आणि त्यांच्या ग्रंथांना देतो. इथे पंडितही नव्हते आणि ग्रंथही नव्हते. मूल जन्मले की ‘शमा’, सुंता करताना ‘शमा’, लग्नात ‘शमा’, माणूस जाताना त्याच्या उशाशी ‘शमा’. अर्थ पुरता कळत नसलेले ते हिब्रू शब्द शेकडो वर्षे तोंडातून तोंडात गेले.

बाकीचा धर्म सांभाळला स्वयंपाकघराने. ज्या जलचराला पर आणि खवले आहेत तेच खावे, असा लेवीय या पुस्तकातला नियम आहे. हा नियम वाळवंटात पाळणे सोपे. कोकणच्या किनाऱ्यावर तो रोजची परीक्षा घेतो. शेजारच्या कोळणीच्या पाटीत कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, शेवंड, मुशी, सगळे असते, आणि गरिबाच्या ताटाला त्यातले स्वस्त ते परवडते. बेने इस्राएल बायका रावस, बोय, पापलेट निवडत आणि उरलेले पाटीतच ठेवत. आठव्या दिवशी मुलाची सुंता होई. वल्हांडणाच्या दिवसांत आंबवलेले चालत नाही, म्हणून आंबट रसाचे भांडे झाकून ठेवत. प्रायश्चित्ताच्या मोठ्या उपासाला त्यांनी नाव दिले दारफळणीचा सण: पांढरे कपडे घालायचे, दारे लावून घ्यायची, दिवसभर अन्नपाण्याला आणि परक्या माणसाला शिवायचे नाही. वर्षारंभ झाला नव्याचा सण. जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचे सुतक पाळण्याचा दिवस झाला बिरड्याचा रोजा, कारण त्या दिवशी उपास वालाच्या बिरड्यावर सुटे. द्राक्षाची दारू नव्हती, तेव्हा शब्बाथच्या आशीर्वादासाठी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून त्यांचे सरबत करण्याची रीत रुजली.

हे सगळे निर्मळपणे, अखंड आले असे म्हणण्यात अर्थ नाही. उपासाला रोजा, धर्माधिकाऱ्याला काजी आणि प्रार्थनास्थळाला मशीद हे शब्द मुसलमान शेजाऱ्यांकडून आले. हळद, मेंदी, मंगळसूत्र हिंदू शेजाऱ्यांकडून आले, आणि विधवेच्या पुनर्विवाहाला नाक मुरडण्याची सवयही तिकडूनच आली. सर्वांत दुखरी बाब म्हणजे समाजात गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असे दोन थर पडले आणि त्यांच्यात रोटीबेटी व्यवहार बंद झाला. तोरात कुठेही नसलेली ही भिंत जातींच्या मुलुखात राहून उभी राहिली होती. ती पाडायला विसावे शतक उजाडावे लागले.

अशा या लोकांना शोधून काढणाऱ्या माणसाचे नाव समाजाने आदराने जपले आहे: दाऊद राहाबी. तो कोणत्या शतकातला, यावर अभ्यासकांत वाद आहे. काही जण त्याला मध्ययुगात नेतात, तर काहींना तो पत्र लिहिणाऱ्या एझकिएलचा मुलगा वाटतो. कथा मात्र सगळीकडे एकच आहे. कोकणात तो आला, या लोकांच्या चालीरीती पाहून त्याला संशय आला की हे आपलेच असावेत. खात्री करण्यासाठी त्याने बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवली आणि रांधायला सांगितले. त्यांनी पर आणि खवले असलेले मासे वेगळे काढले; बाकीचे आम्ही खात नाही, म्हणाल्या. राहाबीची खात्री पटली. एका समाजाचे यहुदीपण ठरवायची वेळ आली, तेव्हा साक्ष स्त्रियांनी दिली, तीही चुलीपाशी. ही कथा दंतकथा असली तरी ज्या समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली, त्याला आपला धर्म कुठे राहतो हे नेमके ठाऊक होते. राहाबीने मग झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या तीन घराण्यांतल्या तरुणांना हिब्रू वाचायला आणि विधी करायला शिकवले. तेच समाजाचे काजी झाले, आणि ते काम वंशपरंपरेने त्यांच्या घरांत चालले.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून बेने इस्राएल मुंबईत येऊ लागले. पहिल्यांदा आलेल्यांत दिवेकर होते. घाण्यावरून उठून ही मुले कंपनीच्या पलटणींत गेली, सुभेदार, सुभेदार मेजर झाली. त्यांच्यातला सामाजी हस्साजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल एझकिएल दिवेकर, म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात शत्रूच्या हाती सापडला. परंपरा सांगते की कैद्यांना मारायचे ठरले तेव्हा टिपू सुलतानाच्या आईने मध्ये पडून, ज्या बनी इस्राईलचा उल्लेख कुराणात आहे त्यांचे हे लोक, असे म्हणत त्याचे व त्याच्या भावाचे प्राण वाचवले. सुटलो तर मुंबईत प्रार्थनेचे घर बांधीन, असा नवस त्याने केला होता. १७९६ मध्ये मांडवी भागात तो नवस फिटला. मुंबईतले हे पहिले सिनेगॉग. लोक त्याला जुनी मशीद म्हणत. हिब्रू नाव ‘शाआर हारहामीम’, दयेचे द्वार. शेजारच्या रस्त्याला सॅम्युएल स्ट्रीट हे नाव सामाजीवरून पडले, आणि मशीद बंदर स्टेशनच्या नावाचे मूळही याच मशिदीत आहे, असे सांगतात.

दार झाले, पण आत ठेवायला तोरा नव्हता. तोराची प्रत छापून चालत नाही. जाणत्या लेखनिकाने चर्मपत्रावर एकेक अक्षर हाताने लिहावे लागते. ती गुंडाळी मिळवायला सामाजी कोचीनला गेला आणि १७९७ मध्ये तिथेच वारला. ज्या ग्रंथाच्या आज्ञा त्याच्या पूर्वजांनी न वाचता पाळल्या, तो ग्रंथ आणायला निघालेला हा सुभेदार मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा माणूस वाटतो. त्याने सुरू केलेला कोचीनचा रस्ता मात्र वाहता राहिला. १८२६ आणि १८३३ मध्ये कोचीनचे यहुदी मुंबईत आले, आणि त्यांच्यातला श्लोमो सालेम शुर्राबी हा बेने इस्राएलांचा शिक्षक, हझान म्हणजे प्रार्थना चालवणारा, आणि मार्गदर्शक झाला. प्रार्थनेच्या चाली, सणांचे विधी, उपासांच्या तिथी त्याने बसवून दिल्या. रेवदंडा, अलिबाग, पनवेल, पेण इथे एकोणिसाव्या शतकात एकामागून एक सिनेगॉग उभी राहिली. अलिबागेतली इस्राएल आळी आजही त्याच नावाने ओळखली जाते.

कोचीनकरांइतकाच, कदाचित त्यांच्याहून मोठा वाटा या कामात मात्र अशा लोकांनी उचलला, ज्यांचा हेतू वेगळा होता.

१८१३ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत आले. हिंदूंमध्ये आणि मुसलमानांमध्ये त्यांच्या कामाला जम बसेना. बेने इस्राएल दिसले तेव्हा त्यांना मोठी आशा वाटली: बायबलमधलेच हे लोक, आपल्या ग्रंथाचा पहिला अर्धा भाग यांचाच, दुसरा अर्धा त्यांना समजावून दिला की काम झाले. मुंबईत आणि कुलाब्याच्या गावांत त्यांनी शाळा काढल्या, आणि त्या शाळांत बेने इस्राएलांची मुले, पुढे मुलीही, मोठ्या संख्येने बसू लागल्या. मास्तरही पुष्कळदा बेने इस्राएलच असत. १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन आले. आज ज्यांच्या नावाचे कॉलेज चौपाटीसमोर उभे आहे, तेच हे विल्सन. त्यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहून छापले, खास या समाजासाठी. जुना करार मराठीत आला, मराठी अक्षरांत छापला गेला. आणि मग असे घडले की मुरुडचा किंवा पेणचा तरुण बेने इस्राएल पहिल्यांदा उत्पत्ती उघडून अब्राहामची गोष्ट वाचू लागला, निर्गम उघडून मिसरदेशातून सुटकेची गोष्ट वाचू लागला, आणि लेवीय उघडल्यावर त्याला आजीच्या स्वयंपाकघरातला नियम तिथे छापलेला दिसला.

त्या वाचनाचा परिणाम मिशनऱ्यांनी अपेक्षिला होता त्याच्या नेमका उलट झाला. धर्मांतरे झाली ती बोटांवर मोजण्याइतकी. मिशनरी चकित होत, खिन्न होत, तरी शाळा बंद करत नसत, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. त्यांच्या या शिक्षणाखेरीज बेने इस्राएलांचे पुनरुज्जीवन इतक्या वेगाने झाले नसते. समाजाने मात्र शांतपणे निवड केली. व्याकरण घेतले, बायबलचा जुना भाग घेतला, इंग्रजी घेतली, आणि उरलेले आदराने परत केले. कोळणीच्या पाटीतून पर-खवल्यांचे मासे निवडणाऱ्या बायकांच्या नातवंडांनी इथे तीच निवड पुस्तकांत केली, असे मला वाटते. त्यांना वादविवादात जिंकायची गरज पडली नाही. देव एकच, हे वाक्य जन्मापासून ज्याच्या कानात पडले आहे, त्याला देवाला पुत्र आहे हे पटवून देणे सोपे नव्हते.

आता समाज वाचता झाला होता, आणि वाचत्या समाजाला स्वतःची पुस्तके हवी असतात. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाची हगादा छापली गेली, हिब्रू मजकूर आणि सोबत मराठी. मिसरच्या गुलामगिरीतून सुटका कशी झाली, हे वल्हांडणाच्या रात्री घरातल्या सर्वांत लहान मुलाने विचारायचे आणि मोठ्यांनी सांगायचे, असा त्या पुस्तकाचा घाट. म्हणजे पुन्हा तेच: घर हीच शाळा. आता सांगणाऱ्या बापाच्या हातात मराठी पुस्तक होते. १८७४ मध्ये पुण्याला मोझेस जेकब तळकर आणि आरोन डॅनियल तळकर यांनी सचित्र हगादा काढली. तिच्यातल्या चित्रात बेखमीर भाकरीची कणीक मळणाऱ्या, लाटणाऱ्या, भाजणाऱ्या बायका लुगडी नेसून बसल्या आहेत. युरोपातल्या छापील हगादांची नक्कल करणे सोपे होते. तळकरांनी आपल्या माजघरातली माणसे त्या पवित्र पुस्तकात बसवली, आणि त्यात संकोच बाळगला नाही.

या काळातला सर्वांत मोठा विद्वान जोसेफ एझकिएल राजपूरकर. ज्या राजपूरकरांच्या पूर्वजाला राहाबीने हिब्रूची बाराखडी शिकवली असे मानतात, त्यांच्याच आडनावाचा हा माणूस मुंबई विद्यापीठात हिब्रूचा परीक्षक झाला. डेव्हिड ससून यांच्या शाळेत त्याने दीर्घकाळ शिकवले आणि हिब्रूतल्या प्रार्थनापुस्तकांमागून प्रार्थनापुस्तके मराठीत आणली. केहिमकरांनी १८७५ मध्ये समाजाची शाळा काढली; पुढे ती सर एली कदूरी यांच्या नावाने चालू लागली. त्यांचा इतिहासग्रंथ १८९७ मध्ये लिहून झाला होता, पण छापून निघाला तो १९३७ मध्ये, तेल अवीवला, लेखकाच्या मृत्यूनंतर.

आणि मग कीर्तन. १८८० च्या सुमारास काही तरुणांनी हरिदासांची कीर्तने ऐकली आणि त्यांच्या मनात आले, अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या कथा अशाच का सांगू नयेत? बेंजामिन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी मंडळी उभी केली. तेच पूर्वरंग-उत्तररंग, त्याच साक्या, दिंड्या, ओव्या, आर्या, तोच टाळ-पेटीचा मेळ. आख्यान मात्र योसेफाला भावांनी विकल्याचे किंवा मोशेने समुद्र दुभंगल्याचे. ज्या बायकांना आणि म्हाताऱ्यांना छापील पुस्तक वाचता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत तोरा अशा रीतीने पोचला. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या कीर्तनांना हक्काचे पान मिळायला हवे होते. ते मिळाले नाही, याची मला खंत वाटते.

पुस्तकी धर्म आला म्हणून घरचा धर्म अडगळीत गेला नाही. मलिद्याचा विधी याचे उत्तम उदाहरण. ताटात भिजवलेले पोहे, गूळ, खोबरे, सुका मेवा, भोवती फळे मांडायची आणि एलियाहू हनबी या संदेष्ट्याचे स्मरण करून हिब्रू आशीर्वाद म्हणायचे. लग्नाआधी, घर घेतल्यावर, आजारातून उठल्यावर, नवस फेडताना मलिदा होतोच. अलिबागजवळ खंडाळ्याच्या सागावला एका खडकावर एलियाहूच्या रथाची आणि घोड्याची खूण उमटली आहे, अशी श्रद्धा आहे. त्या जागेला एलियाहू हनबीचा टप्पा म्हणतात. रथातून स्वर्गात गेलेला हा संदेष्टा पृथ्वीवर कुठे उतरला असेल, तर तो आपल्याकडेच, असे या लोकांना मनापासून वाटले.

एवढे सगळे करूनही या समाजाला आपले यहुदीपण पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागले, आणि तेही स्वधर्मीयांपुढे. एकोणिसाव्या शतकात बगदादहून आलेले धनाढ्य यहुदी व्यापारी आरंभी बेने इस्राएलांच्याच सिनेगॉगमध्ये जात, त्यांच्याच स्मशानभूमीत आपले मृत पुरत. १८३६ मध्ये त्यांच्यातल्या प्रमुखांनी सरकारकडे अर्ज केला की स्मशानभूमीत मध्ये भिंत घालून द्यावी, आमचे मृत आणि यांचे मृत वेगळे असावेत. पुढे रंगूनच्या सिनेगॉगमध्ये बेने इस्राएलांना बरोबरीचे सभासद मानण्यास नकार मिळाला, तेव्हा प्रकरण रंगूनच्या हायकोर्टात गेले, आणि १९३५ मध्ये कोर्टाने बेने इस्राएलांच्या बाजूने निकाल दिला. मुंबईत आल्यावर शनिवारची सुट्टी सांभाळणेही कठीण झाले होते. कचेऱ्या, रेल्वे, गिरण्या रविवारी बंद असत. ज्या गोष्टीमुळे गावात ओळख होती, ती शहरात पोटासाठी सोडावी लागली, ही टोचणी त्या पिढीच्या मनात होती.

सर्वांत मोठा प्रसंग १९४८ नंतर आला. देश स्वतंत्र झाला तेव्हा समाज वीस हजारांच्या आसपास होता. इथे त्याला कोणी छळले नव्हते. तरी प्रार्थनेत पिढ्यान्‌पिढ्या ज्या भूमीचे नाव घेतले, तिकडे, नव्या इस्राएल देशाकडे, लोक निघाले. आणि तिथे, १९६२ मध्ये, मुख्य रब्बींच्या कार्यालयाने विवाह नोंदणाऱ्यांना आदेश दिला: बेने इस्राएल वधू किंवा वर आला तर त्याच्या आईचे, आजीचे आणि त्यामागचे जमेल तितके कूळ तपासावे. कारण असे की रब्बींपासून दूर राहिलेल्या या लोकांनी घटस्फोटाचे नियम पूर्वी नीट पाळले असतील कशावरून? दोनशे वर्षांपूर्वी राहाबीने पत्रात लिहिलेले अज्ञान आता लग्नाच्या मांडवात आडवे आले. कागद कोणाकडेच नव्हते. किहीमच्या तेल्याने कुठून आणायचे कागद?

त्यांनी जे केले ते साधे होते. १९६४ च्या उन्हाळ्यात कुटुंबेच्या कुटुंबे जेरुसलेममध्ये येऊन रस्त्यावर बसली, बायकामुलांसकट. त्यांची मागणी सवलतीची नव्हती. आम्ही यहुदी आहोत आणि होतो, हे मान्य करा, एवढीच होती. अखेर १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्राएलच्या संसदेने खास बैठक घेऊन बेने इस्राएल सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत असे जाहीर केले. त्यानंतर रब्बींच्या कार्यालयाने आदेश बदलला आणि त्यातले समाजाचे नाव काढून टाकले.

आज महाराष्ट्रात काही हजार बेने इस्राएल उरले आहेत, बहुतेक मुंबई आणि ठाण्यात; २०१६ मध्ये राज्य सरकारने यहुद्यांना अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. इस्राएलमध्ये त्यांची वस्ती कितीतरी पटींनी मोठी आहे. डिमोना, अश्दोद, लोद, बीरशेबा इथल्या घरांत मराठी अजून बोलली जाते आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही तिथून निघाले. लग्नाआधी, नवस फेडताना किंवा मूल परदेशी जायला निघाले की तिथेही ताटात पोहे, गूळ आणि खोबरे मांडले जाते, हझान एलियाहू हनबीचे नाव घेतो आणि ‘शमा’ म्हटला जातो. मोरोक्को, पोलंड, येमेनहून आलेल्या शेजाऱ्यांच्या प्रार्थनापुस्तकांत हा विधी नाही.